जनसुनावणी, हरकत आणि हरित न्यायाधिकरण: गावांकडून वारंवार येणारे प्रश्न

गावाशेजारी खाण, बंदर, वीजप्रकल्प किंवा रासायनिक कारखाना येणार अशी कुणकुण लागली की फोन सुरू होतात. ते बहुतेक दोनच वेळा येतात: सुनावणीच्या आदल्या रात्री, नाहीतर मंजुरी मिळून चार महिने उलटल्यावर. पहिल्या वेळी घाई असते, दुसऱ्या वेळी मुदत गेलेली असते. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायदा केंद्राचा असल्याने महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे मुख्य नियम सारखेच आहेत. हातात वेळ अगदीच कमी असेल तर आधी प्रश्न ५ आणि प्रश्न १० वाचा, बाकीचं नंतर.

१. पर्यावरण मंजुरी म्हणजे काय? ती देतं कोण?

पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली केंद्राने १४ सप्टेंबर २००६ रोजी एक अधिसूचना काढली. तिला सगळे ‘ईआयए नोटिफिकेशन’ म्हणतात (ईआयए म्हणजे पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचं मूल्यांकन). तिच्या यादीतला कोणताही प्रकल्प पूर्वमंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. मोठे प्रकल्प ‘अ’ वर्गात येतात आणि त्यांची मंजुरी दिल्लीहून, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडून मिळते. ‘ब’ वर्गातले प्रकल्प राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जातात. ‘ब’चेही दोन भाग आहेत. ‘ब-१’ला पर्यावरण परिणाम अहवाल आणि लोकांचा सल्ला दोन्ही लागतात. ‘ब-२’ला दोन्हीतलं काहीच लागत नाही. त्यामुळे प्रकल्प कोणत्या वर्गात टाकलाय हे सर्वांत आधी बघा, कारण कितीतरी वेळा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मंजुरी देत नाही. मंडळ फक्त सुनावणी भरवतं आणि पुढे ‘स्थापना संमती’ आणि ‘चालू करण्याची संमती’ देतं. लोक मंडळाच्या दारात मोर्चा नेतात आणि फाईल मात्र दिल्लीत पुढे सरकत असते.

२. जनसुनावणी आहे हे आम्हाला कळायला कसं हवं? पेपर तर गावात येतच नाही.

सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी जाहीर नोटीस यायला हवी, एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटून, रेडिओ-टीव्हीवरून कळवावं, असं अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात चक्क लिहिलेलं आहे. तुमच्या वाडीत दवंडी झाली नसेल तर तो तांत्रिक मुद्दा समजून सोडू नका. पहिली लेखी हरकत तीच घ्या.

अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक स्वराज्य संस्था आणि मंडळाच्या कार्यालयात बघायला ठेवलेली असायला हवी. एक दिवस दोघातिघांनी मिळून ही कार्यालयं फिरा. जिथे प्रत नसेल तिथे ‘आज अमुक तारखेला प्रत उपलब्ध नव्हती’ असा अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. शिक्का मारायला कारकून का-कू करत असेल तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. मंडळाच्या वेबसाइटवर सुनावण्यांच्या नोटिसा आणि सारांश चढवतात. ज्या गावावर प्रकल्पाची टांगती तलवार आहे तिथल्या एखाद्या पोराने दर आठवड्याला ते पान उघडून बघायची सवय लावावी.

३. अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत आहे. मराठीत मागण्याचा हक्क आहे का?

पूर्ण अहवालाचा नाही, सारांशाचा आहे. अधिसूचनेनुसार कार्यकारी सारांश राज्याच्या भाषेत द्यावाच लागतो, मूळ अहवाल इंग्रजीत असला तरी चालतो. आमच्या मते नियमातलं हे सर्वांत मोठं भोक आहे. सारांशात ‘परिणाम नगण्य’ एवढंच येतं, आणि ते नगण्य कशावरून ठरवलं ते मूळ अहवालाच्या परिशिष्टात असतं.

भाषेचा हा झगडा जुना आहे. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली, तेव्हाही मराठी कागद गावांना वेळेत मिळाले नाहीत ही मोठी तक्रार होती. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला मंजुरी आली. पुढे २०२० मध्ये केंद्राने ईआयएच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत आणा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. तो आदेश त्या मसुद्यापुरता होता. तुमच्या अहवालाला तो आपोआप लागू होत नाही, पण युक्तिवादात जरूर वापरता येतो.

तोवरचा व्यवहारी मार्ग असा: सगळा अहवाल वाचत बसू नका. तीन गोष्टी शोधा. पहिली, तुमच्या गावाचं नाव कुठे कुठे आलंय. दुसरी, पाण्याचे आणि हवेचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले. तिसरी, जमिनीच्या वापराचा तक्ता. कॉलेजात जाणाऱ्या कुणालाही हे एका संध्याकाळी जमतं.

४. आम्ही सगळ्यांनी हात वर करून विरोध केला तर प्रकल्प रद्द होतो ना?

नाही. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तिथे ठराव होत नाही, होकार-नकार मोजत नाहीत, आणि सुनावणीत बसलेल्या अधिकाऱ्याला प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकारच नसतो. तो फक्त काय बोललं गेलं ते नोंदवून वर पाठवतो.

हे ऐकून पुष्कळ जण म्हणतात, मग जायचंच कशाला? तर नोंदीसाठी. तुमचा मुद्दा नोंदीत आला की कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं आणि मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीला त्याचा विचार करावा लागतो. दक्षिण गोव्यातल्या एका खाणीविरुद्ध उत्कर्ष मंडळाने केलेल्या याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २००९ रोजी हे स्पष्ट केलं. सुनावणीतल्या हरकतींचा समितीने विचार करायला हवा आणि त्या का फेटाळल्या याची कारणं नोंदवायला हवीत, असं तो निकाल सांगतो. म्हणजे पुढे कोर्टात ‘आमच्या झऱ्याचा मुद्दा समितीने बघितलाच नाही’ असं म्हणायचं, तर तो झरा आधी सुनावणीच्या कागदावर असायला हवा. ‘प्रकल्प हटाव’च्या शंभर घोषणा इतिवृत्तात एका ओळीत मावतात. झऱ्याच्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं.

५. लेखी हरकत लिहायची कशी?

साध्या मराठीत, साध्या कागदावर. वकिलाची गरज नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मसुद्यांत पहिली दोन पानं संविधान, निसर्ग आणि पूर्वजांवर असतात आणि मुद्दा शेवटच्या चार ओळींत. ते उलटं करा. चांगली हरकत अशी दिसते:

‘अहवालातल्या जलस्रोतांच्या यादीत आमच्या वरच्या वाडीचा बारमाही झरा नाही. या झऱ्यावर गावाची नळपाणी योजना चालते. खाणीची हद्द झऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. सुरुंगांमुळे झरा आटेल का याचा अभ्यास अहवालात नाही. तो पावसाळा धरून करावा आणि त्यानंतर पुन्हा सुनावणी घ्यावी. सोबत: झऱ्याचे फोटो, नळयोजनेच्या मंजुरीची प्रत, गाव नकाशा.’

या सहा-सात ओळींत पुरावा, त्रुटी आणि मागणी तिन्ही आली. अशी एकेक हरकत एकेका विषयावर द्या: पाणी, मासेमारी, आंबा-काजूवर बसणारी धूळ, रस्त्यावरची डंपरची वाहतूक, गुरचरण, देवराई. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स सह्या करून देण्यापेक्षा पंधरा वेगवेगळ्या हरकती जास्त कामाला येतात. पाचशे प्रतींची नोंद ‘एकाच आशयाची निवेदने’ अशी होते आणि विषय संपतो.

नमुने कधी घेतले ते खास बघा. बहुतेक अहवाल पावसाळा सोडून एकाच हंगामातल्या तीन महिन्यांच्या मोजणीवर उभे असतात. कोकणात आणि गोव्यात, जिथे वर्षाचं सगळं पाणी जून ते सप्टेंबरात पडतं, तिथे मार्च ते मे मधल्या मोजणीवरून ओढ्यांविषयी काय कळणार? हा प्रश्न विचाराच. हरकत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि दोन्हीकडून पोच घ्या.

६. सुनावणीच्या दिवशी काय काय सांभाळायचं?

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हा दंडाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी असायला हवा, त्याखालचा चालत नाही. प्रांत किंवा तहसीलदार येऊन बसले तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण सक्तीचं आहे. तुम्हीही मोबाइलवर करून ठेवा.

हजेरीच्या रजिस्टरवर सही करा, पण आधी वरचा मजकूर वाचा. कोऱ्या कागदावर सही नको. बोलायला लवकर नाव द्या. मांडवाच्या पुढच्या रांगा सकाळी आठलाच बाहेरून आणलेल्या माणसांनी भरलेल्या असतात, आणि बाया लांबून चालत येईपर्यंत माइक तिसऱ्या ‘समर्थका’च्या हातात गेलेला असतो. हजर असलेल्या प्रत्येकाला कंपनीकडून माहिती आणि खुलासा मागायची संधी द्यावी, असा नियम आहे. ‘वेळ संपली’ हे त्याला उत्तर नाही.

आणि जेवणाची पाकिटं आली तरी उठू नका. खरा क्षण शेवटी असतो. त्या दिवसाचं इतिवृत्त तिथेच, सर्वांसमोर, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही व्हायची असते. तोवर मांडवात सात-आठ माणसं उरतात. ती सात-आठ माणसं गावाची असू द्या. वाचताना तुमचा मुद्दा गळलेला दिसला तर उभं राहून ‘हे लिहा’ म्हणा, आणि लिहिल्यावरच खाली बसा. इतिवृत्त पुढे पंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी आणि मंडळाच्या कार्यालयात लावायचं असतं. त्यात चूक दिसली तर मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला थेट लेखी कळवता येतं.

७. मी नोकरीसाठी मुंबईत असतो, जमीन गावाला आहे. मला हरकत घेता येईल का?

येईल. लोकांच्या सल्ल्याचे दोन भाग आहेत: स्थानिक बाधितांसाठी प्रत्यक्ष सुनावणी, आणि प्रकल्पाशी संबंध असलेल्या इतरांसाठी लेखी म्हणणं. चाकरमानी, गल्फमध्ये असलेले, अभ्यासक, संस्था, सगळ्यांना लेखी देता येतं. सातबाऱ्यावर नाव असेल तर उतारा जोडा. नसेल तरी अडत नाही.

८. सुनावणीवर बहिष्कार टाकावा का?

हा गावाचा निर्णय आहे, आमचा नाही. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही, दहा माणसांतही ती ‘झाली’ असं नोंदवता येतं. दुसरं, लोकांना मोकळेपणाने बोलता येईल अशी परिस्थिती नाही असा अहवाल गेला तर प्राधिकरण त्या प्रकल्पाची सुनावणीच वगळू शकतं. मांडव उधळला तर फायदा कुणाचा होतो ते यावरून समजा. बहिष्कार टाकायचाच असेल तर बाहेर निदर्शनं करा आणि आत लेखी हरकती द्या. दोन्ही एकाच वेळी चालतं.

९. प्रकल्प आमच्या तालुक्यात आणि सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी. हे चालतं का?

अधिसूचना म्हणते, सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या जवळच्या परिसरात. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड लोहखनिज खाणीच्या विस्ताराची सुनावणी शंभरहून अधिक किलोमीटरवर, गडचिरोलीला ठेवल्यावर हाच वाद झाला. सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं. तुमच्याकडे असं होत असेल तर नोटीस आल्या आल्या, सुनावणीच्या आधी, जागा बदलण्याचा अर्ज द्या. एसटीचं वेळापत्रक आणि भाड्याची रक्कम जोडा. शेवटची गाडी चारला सुटत असेल तर तो पुरावाच आहे. सुनावणी होऊन गेल्यावर पहिल्यांदा तक्रार केली तर ‘तेव्हा का बोलला नाहीत’ असं विचारतात.

तारीख मात्र सहज बदलत नाही. अनपेक्षित आणीबाणीची परिस्थिती आली तरच, आणि तेही जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीने. नवी तारीखही त्याच वर्तमानपत्रांतून जाहीर व्हायला हवी.

१०. मंजुरी मिळाली. आता किती दिवसांत अपील करायचं?

३० दिवस. विलंबाला पटण्याजोगं कारण दिलं तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. म्हणजे एकूण ९०, आणि ९१व्या दिवशी कुणीही काहीही करू शकत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १६ मध्ये हे लिहिलंय, आणि न्यायाधिकरण म्हणजे एनजीटी हे कलम अक्षरशः लावतं. आम्ही पाहिलेली बहुतेक प्रकरणं पुराव्याअभावी हरलेली नाहीत, तारखेवर हरलेली आहेत.

पुढचा प्रश्न लगेच येतो: दिवस मोजायचे कधीपासून? कायदा म्हणतो, आदेश ‘कळवला’ त्या दिवसापासून. पण कुणी कुणाला कळवला? एनजीटीने २०१३ मध्ये सेव्ह मोन रीजन फेडरेशनच्या प्रकरणात सांगितलं, की मंत्रालय, कंपनी आणि मंडळ, ज्यांच्यावर प्रसिद्धीची जबाबदारी आहे त्यांच्यापैकी कुणीही आदेश लोकांसमोर नीट आणला ती सर्वांत आधीची तारीख धरायची. गुजरातमधल्या तल्ली ग्रामपंचायतीचं अपील याच मोजणीत अडकलं. आम्हाला खरी माहिती उशिरा मिळाली, हे पंचायतीचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मान्य केलं नाही. म्हणून आरटीआयच्या उत्तराची वाट बघत बसू नका. वेबसाइटवर आदेश दिसला की घड्याळ सुरू झालं असं समजा.

११. पण मंजुरी मिळाली हे कळणार कसं?

कंपनीने सात दिवसांच्या आत किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. प्रत ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेलाही द्यायची असते. प्रत्यक्षात ती जाहिरात टेंडर नोटिसांच्या पानावर बोटभर जागेत येते. खात्रीचा मार्ग म्हणजे केंद्राचं ‘परिवेश’ पोर्टल. तिथे प्रस्तावाचा क्रमांक टाकला की अर्ज, तज्ज्ञ समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि मंजुरीचं पत्र दिसतं. समितीने शिफारस केली की मंजुरी येणार असं धरून अपिलाचे कागद जुळवायला लागा.

माहिती अधिकाराचा अर्ज समांतर टाकून ठेवा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, आणि अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर हवा. हा नियम माहीत नसल्यामुळे अर्ज परत येतात आणि तीस दिवस वाया जातात.

१२. एनजीटीत जायला खर्च किती? वकील नसेल तर?

नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. स्वतः उभं राहून बाजू मांडता येते. ‘बाधित व्यक्ती’ची व्याख्या सैल आहे आणि त्यात संघटनाही येतात, त्यामुळे अर्ज करायला जमीन नावावर असायलाच हवी असं नाही.

खरा खर्च वेगळा असतो. कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे प्रत्येक मराठी कागदाचा अनुवाद, टायपिंग, पुण्याच्या फेऱ्या आणि वैज्ञानिक मुद्दा असेल तर तज्ज्ञाचं मत. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाचे लोक यांना विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. अर्जदारांत दोन-चार महिला असल्या की हे काम सोपं होतं. मात्र पर्यावरण कायद्यातला जाणकार वकीलच मिळेल याची खात्री नाही, म्हणून कागद तुम्हीच लावून द्या.

१३. सगळे म्हणतात हायकोर्टात जा, कोणी म्हणतं एनजीटीत. जायचं कुठे?

विषय कोणत्या कायद्याखाली येतो त्यावर हे ठरतं. एनजीटीच्या अनुसूचीत सात कायदे आहेत: पाणी, पाणी उपकर, वनसंवर्धन, हवा, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा आणि जैवविविधता. पर्यावरण मंजुरीचं अपील तिथेच. पण वन्यजीव संरक्षण कायदा, वनहक्क कायदा आणि भूसंपादन या यादीत नाहीत. तिथे उच्च न्यायालयाचं दार. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक–कुळे रेल्वे दुपदरीकरणाची राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली परवानगी ९ मे २०२२ रोजी रद्द झाली ती सर्वोच्च न्यायालयात.

एनजीटी असली तरी उच्च न्यायालयाचा अधिकार संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. पण पर्यायी उपाय असताना थेट आलात म्हणून याचिका परत पाठवू शकतात, आणि त्या फेरीत ९० दिवस निघून जातात. आमचा सल्ला: अपील आधी वेळेत दाखल करा, मग बाकीचा विचार.

एनजीटी स्वतःहूनही दखल घेऊ शकते. मुंबईतल्या कचऱ्याच्या प्रश्नावरून निघालेल्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. त्यावर विसंबून मात्र राहू नये.

१४. ग्रामसभेने एकमताने विरोधाचा ठराव केलाय. तो बंधनकारक असतो का?

साध्या ग्रामसभेचा ठराव पर्यावरण मंजुरीवर बंधनकारक नाही, पण तो हरकतीचा भक्कम पुरावा आहे. वनजमीन असेल तर चित्र बदलतं. वनहक्क कायदा, २००६ खाली गावाचे हक्क असतील तर ग्रामसभेला खरं वजन येतं. ओडिशातल्या नियमगिरीचा निकाल (१८ एप्रिल २०१३) सगळ्यांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या भागात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा सल्ला घ्यावा लागतो, संमती नव्हे. हा फरक भाषणांत हमखास पुसला जातो.

ठराव करताना कोरम सांभाळा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. ठरावबुकात तारीख, हजेरी आणि सह्या असू द्या. टंकलिखित ठराव आणि मूळ बुकातली नोंद जुळत नसेल तर समोरचा वकील त्यावरच अर्धा तास काढतो. दावे अजून दाखल केले नसतील तर आधी ते करा. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्याला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाले, म्हणजे वाट पंधरा वर्षांहून जुनी आहे.

१५. आमच्या प्रकल्पाला सुनावणीच लागत नाही असं सांगतात. खरं असू शकतं का?

असू शकतं, म्हणूनच तपासा. मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, जास्तीची जमीन न घेता होणारं रस्त्याचं रुंदीकरण, सिंचन प्रकल्पांचं आधुनिकीकरण, इमारती आणि टाउनशिप, ‘ब-२’ प्रकल्प आणि संरक्षणाशी संबंधित कामं यांना सूट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अणुखनिजं आणि ‘क्रिटिकल’ म्हटलेल्या खनिजांच्या खाणींनाही सुनावणीतून वगळलं. ही यादी लांबतच चालली आहे, आखूड होताना आम्ही पाहिलेली नाही.

एमआयडीसीच्या बाबतीत एक प्रश्न जरूर विचारा: वसाहतीला स्वतःला पर्यावरण मंजुरी आहे का? सूट त्या अटीवर आहे. जुन्या वसाहतींकडे ती नसते, आणि मग आतल्या कारखान्याची सूट वादात येते. सुनावणी नसली तरी प्रश्न १० मधला अपिलाचा हक्क तसाच राहतो.

डहाणू हे आणखी वेगळं प्रकरण. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण बसलं. त्याने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने, माणसं बदलल्यावर, ३१ जुलै २०२३ रोजी नव्या वाढवण बंदराला अटींसह ना-हरकत दिली. त्यानंतर १९ जानेवारी २०२४ ची जनसुनावणी, मग मंजुरी. तिथल्या मच्छीमारांना एकाच वेळी तीन ठिकाणी लढावं लागलं.

१६. कंपनीने मंजुरी न घेताच काम सुरू केलंय. नंतर मिळवली तर चालतं?

काम आधी सुरू करणं हे उल्लंघनच आहे. लवासाला याच कारणावरून नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवण्याची नोटीस गेली, आणि वर्षभराने मंजुरी मिळाली. कार्योत्तर मंजुरी कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० च्या अलेम्बिक निकालात म्हटलं. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी तर ती वाट बंदच केली. मात्र १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींपैकी दोघांच्या बहुमताने तो निकाल मागे घेतला गेला. त्यामुळे ‘कोर्टाने बंदी घातलीये’ असं भाषणात ठोकून देऊ नका, समोरचा लगेच पकडतो.

तुम्ही करायचं ते असं: तारीख-वेळ उमटणारे फोटो, शक्य असल्यास पंचनामा, मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात आणि राज्य प्राधिकरणाकडे तक्रार. एनजीटीत जायचं तर अर्ज तिच्या कायद्याच्या कलम १४ खाली जातो आणि त्याची मुदत सहा महिने, अधिक ६० दिवस आहे. सहा महिने मोजायचे ते वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तिथपासून, तुम्हाला राग आला तिथपासून नव्हे. कंपनीने मंजुरीच्या अर्जात खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली असेल तर मंजुरी रद्द होऊ शकते. गोव्याच्या मोपा विमानतळाची मंजुरी २९ मार्च २०१९ रोजी स्थगित झाली ती प्रकल्पाच्या अर्जात जंगल आणि संवेदनशील क्षेत्राची माहिती दडवल्यामुळेच. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि आज तिथे विमानं उतरतात, हेही सांगायला हवं.

१७. विकास आराखडा, झाडतोड आणि ‘इको-सेन्सिटिव्ह’चा मसुदा यांच्या हरकती कुठे द्यायच्या?

हे तिन्ही वेगळे कायदे आहेत. विकास आराखड्याची हरकत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली, नोटिशीत दिलेल्या मुदतीत, महापालिका किंवा नगरपरिषदेकडे. लेखी हरकत घेणाऱ्यालाच पुढे नियोजन समितीपुढे बोलावतात, म्हणून लिहिताना ‘मला प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे’ हे वाक्य घाला. मुंबईच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये हरकतींच्या रेट्यामुळे नव्याने करावा लागला होता. पश्चिम घाटाच्या ‘इको-सेन्सिटिव्ह’ मसुद्यावरची हरकत केंद्रीय मंत्रालयाकडे, राजपत्रात आल्यापासून ६० दिवसांत. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे.

झाडतोडीत वेळ दिवसांत नाही, तासांत असतो. आरेमध्ये ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. विधि विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, ते याचिका म्हणून घेतलं गेलं आणि ७ तारखेला सुट्टीतही विशेष पीठ बसलं. पुढची तोड थांबली, पण तोवर २,१४१ झाडं पडली होती. निकालाच्या दिवशीच अपिलाचा मसुदा तयार असायला हवा तो यासाठी.

१८. बोललो तर गुन्हे दाखल होतील अशी भीती वाटते.

भीती निराधार नाही. बारसूत २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी जमावबंदी लागली आणि आंदोलकांना ताब्यात घेतलं गेलं. जमावबंदीचं जुनं कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय. सुनावणी हा शासनाचाच कार्यक्रम असल्याने तिथे जाणं बेकायदा नाही, तरीही आदेशाची प्रत मागून घ्या आणि त्यात सुनावणीचा अपवाद आहे का ते बघा. नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागा. गावातल्या पुढाऱ्याला तालुकाबंदीची नोटीस आली असेल तर त्याची लेखी हरकत दुसऱ्याच्या हाती पाठवा, ती तितकीच चालते. आणि एकट्याच्या नावाने काहीच देऊ नका. दहा नावं असली की एकावर डोळा ठेवणं अवघड जातं.

१९. अपील फेटाळलं, किंवा मुदतच गेली. आता सगळं संपलं का?

मंजुरीवरचा हल्ला संपला. एनजीटीच्या निकालावर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण तिथवर पोचणारी गावं कमी. उरतं ते अटींचं पालन. मंजुरीपत्राला अटींची लांब यादी जोडलेली असते: धूळ दाबायला पाणी मारणं, हरित पट्टा, भूजल मोजणं. पालनाचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, आणि तो सार्वजनिक असतो. ती यादी मराठीत करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. अट मोडलेली दिसली की फोटोसह तक्रार करा. प्रत्येक उल्लंघन हे नवं कारण आहे आणि त्याची मुदत नव्याने मोजली जाते (प्रश्न १६). विहिरी बिघडल्या, पीक गेलं, मासे मेले तर कलम १५ खाली भरपाई मागता येते. तिथे मुदत पाच वर्षांची आहे, पण पाण्याची तपासणी आजच करून घ्या, प्रकल्प सुरू व्हायच्या आधी. नंतरच्या अहवालाशी तुलना करायला आधीचा अहवाल लागतो, आणि तो जिल्हा प्रयोगशाळेतून सही-शिक्क्यानिशी मिळतो.